धंतोलीतील काळी आणि पांढरी

नागपूर प्रांतातील जुन्या माणसाला गावाचे वर्णन करावयास सांगितले, तर तो प्रथम त्याचे दोन भाग करी : जेथे नांगर-वखर चालतो ती काळी आणि जेथे माणसे राहतात ती पांढरी. मराठेशाहीच्या दफ्तरांत हा भेद सर्वत्र आढळतो. काळीचा वसूल वेगळा, पांढरीचा वेगळा. भोसल्यांच्या अमदानीत शेती न करणाऱ्या रहिवाशांवर पांढरी याच नावाची पट्टी बसे आणि इंग्रजी अंमल स्थिरावल्यानंतरही मध्यप्रांतात ती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून राहिली. परंतु हा भेद केवळ वसुलापुरता नव्हता. काळीतून धान्य, कडबा, सरपण आणि पऱ्हाटी पांढरीत येई. पांढरीतून शेण, राख आणि उकिरड्यावर कुजलेला केरकचरा बैलगाडीने पुन्हा काळीत जाई. जेथे मनुष्यवस्ती शतकानुशतके नांदली तेथील माती राखेने आणि जनावरांच्या मलमूत्राने पांढुरकी होई आणि इतकी कसदार होई, की गाव उठून गेल्यावर त्याच्या टेकाडाची माती खणून कास्तकार ती खत म्हणून शेतात टाकीत. महाराष्ट्रातील पुराणवस्तुसंशोधकांना पांढरीची टेकाडे कडेने पोखरलेली आढळतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. संशोधकाला त्याचे दुःख व्हावे हे स्वाभाविक आहे. पण ज्याने ती माती नेली त्याला, जे काळीतून आले ते काळीत परत गेले पाहिजे, हा नियम कोणी न शिकविता ठाऊक होता.

धंतोलीच्या बागांच्या मातीचा इतिहास मला या देवघेवीचा इतिहास वाटतो. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या दक्षिणेस, नाग नदी, वर्धा मार्ग आणि लोहमार्ग यांच्या दरम्यान वसलेली ही वस्ती आज रुग्णालयांची वस्ती म्हणून ओळखली जाते. परंतु तिच्या बंगल्यांभोवती ज्या बागा झाल्या, त्यांतील गुलाब, लिंबू आणि मोगरा ज्या मातीत रुजले, तिचा मूळ खडक या वस्तीहून, या शहराहून आणि मनुष्यजातीहूनही कितीतरी प्राचीन आहे.

सीताबर्डीची टेकडी १८१७ च्या लढाईमुळे सर्वांना परिचित आहे. भूगर्भशास्त्रज्ञांना मात्र ती आणखी एका कारणासाठी प्रिय आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूरच्या परिसरातील खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास करून १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात सीताबर्डी आणि टाकळी येथील थरांना मानाचे स्थान आहे. काळ्या अग्निजन्य खडकाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील शंख-शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष सापडतात. अर्थात एक लाव्हा थंड झाल्यानंतर आणि दुसरा येण्यापूर्वी येथे डबकी होती, झाडे होती आणि त्या झाडांना पोसणारी माती होती. दख्खनच्या या काळ्या खडकाची पूर्वसीमा नागपूरजवळ येते. तिच्या पश्चिमेस भारी काळी जमीन, पूर्वेस भंडाऱ्याकडे जुने स्फटिकमय खडक आणि त्यांवरची तांबूस, रेताड, धानाची जमीन. धंतोली या सीमेच्या अलीकडे, काळीच्या पदरात पडली. हिस्लॉपचा अंत १८६३ साली टाकळघाटाजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराच्या ओढ्यात बुडून झाला. त्यानंतर शंभर वर्षांहून थोड्या अधिक काळाने त्याच टाकळघाटला डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठाच्या वतीने जे उत्खनन केले, ते त्या शिलावर्तुळे रचणाऱ्या लोकांच्या वस्तीचे, म्हणजे एका अतिप्राचीन पांढरीचे होते.

माती ओळखण्याचे शास्त्र आपल्याकडे प्रथम आले ते महसुलाच्या मार्गाने. आर. एच. क्रॅडॉक या बंदोबस्त अधिकाऱ्याने १८९० ते १८९५ या काळात नागपूर जिल्ह्याचा जमाबंदी बंदोबस्त केला. हाच गृहस्थ पुढे १९०७ साली मध्यप्रांताचा चीफ कमिशनर झाला. त्याच्या कारकुनांनी आणि पटवाऱ्यांनी शेताशेतात फिरून, खसऱ्यात नोंदी करून जमिनीची प्रतवारी लावली. त्या वेळी त्यांनी नवी नावे शोधली नाहीत, कास्तकारांच्या तोंडची नावेच दफ्तरात घेतली. खोल, चिकण, पावसाळ्यात पाय रुतविणारी ती काळी. तिच्यात चुनखडीचे खडे किंवा थोडी रेती मिसळलेली, कसायला सोपी आणि म्हणून या जिल्ह्याची खरी अन्नदात्री ती मोरंड. थर उथळ आणि खाली मुरूम लागतो ती खरडी. आणि दगडगोट्यांची, उतारावरची, निकृष्ट ती बरडी. जमीन चढावर आहे की खोलगट, बांध घातलेली आहे की ओघळांनी फाटलेली, हेही पाहिले जाई. प्रत्येक प्रतीला एक सापेक्ष अंक देऊन, त्याने क्षेत्रफळ गुणून, त्यावरून सारा ठरे. इतक्या बारकाईने मातीची पाहणी त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. पण या सर्व खटाटोपात जमिनीने सरकारला काय द्यावे याचा हिशेब होता; सरकारने किंवा नगराने जमिनीला काय परत द्यावे, याचा रकाना त्या खसऱ्यात नव्हता.

काळीविषयी एक समजूत फार दृढ आहे : ती काळी आहे म्हणून ती सेंद्रिय द्रव्याने समृद्ध आहे. हे खरे नाही. तिच्या काळेपणाचे कारण तिच्या सूक्ष्म चिकणकणांत आणि त्यांना घट्ट चिकटून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय अंशात आहे. प्रत्यक्षात विदर्भातील काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाहून कमीच भरतो. जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो आणि पाठोपाठ चार महिन्यांत चाळीस-पंचेचाळीस इंच पाऊस कोसळतो, तेथे मातीतील पालापाचोळा फार वेगाने जळून, कुजून नाहीसा होतो. काळीचे ऐश्वर्य दुसऱ्या प्रकारचे आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि कोरडे पडताच आकसतात. चुना, मॅग्नेशियम आणि पोटॅश ते आपल्या अंगावर धरून ठेवतात आणि मुळांना हळूहळू देतात. या फुगण्या-आकसण्यामुळे उन्हाळ्यात ती हातभर खोल भेगाळते, वरची भुसभुशीत माती त्या भेगांतून खाली पडते, आणि पावसाने भेगा मिटल्या की खालची माती वर रेटली जाते. ही जमीन स्वतःला स्वतः नांगरते, असे जुने लोक म्हणत ते अक्षरशः सत्य आहे. परंतु ज्या गुणामुळे ती कपाशीला आणि गव्हाला मानवते, त्याच गुणामुळे बागेतील नाजूक झाडाला ती जाचक होते. ओली असता तिच्यात हवा शिरत नाही, मुळे गुदमरतात; वाळली की ती मुळांना तोडते. या दोन अवस्थांच्या मध्ये जो अल्प काळ असतो, ज्याला आपण वाफसा म्हणतो, तेवढ्यातच तिला कुदळ लावावी. काळीला सुधारण्याचा सारा प्रयत्न म्हणजे हा वाफशाचा काळ लांबविण्याचा प्रयत्न होय, असे मला वाटते.

नागपुरात हा प्रयत्न भोसल्यांच्या बागांत फार पूर्वी झाला. महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी या राजबागांची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची झाडे आणविली अशी परंपरा आहे, आणि त्या फळाने पुढे या नगराचे नाव देशभर नेले. चुनखडीच्या भारी जमिनीत संत्रा जगविणे हे सोपे काम नव्हे. त्याचे पान शिरा हिरव्या ठेवून पिवळे पडते, कारण मातीत लोह असूनही चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. बुंध्याशी पाणी तुंबले तर खोड सडते. माळ्यांनी यावर जे उपाय केले, ते कोणत्याही ग्रंथात न लिहिता हातोहात पुढे गेले : आळे बुंध्यापासून दूर घेणे, बहार धरण्यापूर्वी झाडाला ताण देणे, तलावाचा गाळ आणि कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरणे, खोल काळीपेक्षा मुरमाचा निचरा असलेली मोरंड पसंत करणे. त्यांची नावे कोणी नोंदविली नाहीत. पुढे महाराजबाग शेतकी खात्याकडे आली आणि तिच्याच शेजारी १९०६ साली नागपूरचे कृषी महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा प्राध्यापकांना जी बाग शिकविण्यास मिळाली, ती या अनामिक माळ्यांनी पिढ्यान्पिढ्या घडविलेल्या मातीची होती.

धंतोली वसली ती या नंतरच्या काळात. १९२० च्या डिसेंबरात नागपुरास राष्ट्रसभेचे जे ऐतिहासिक अधिवेशन भरले, त्याची स्मृती धंतोलीला लागून असलेल्या काँग्रेसनगराच्या नावात राहिली. १९२८ साली धंतोलीत रामकृष्ण मठाची स्थापना झाली. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि नगराची वाढ आखीव झाली. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी अंमलदार अशा लोकांनी येथे घरे बांधली, आणि मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या मनात बंगल्याबरोबर जी बागेची कल्पना येते, ती येथे रुजली. काळीची पांढरी झाली. परंतु ही पांढरी जुन्या गावासारखी नव्हती. घराच्या पायासाठी खोल खणलेला पिवळा मुरूम अंगणात पसरला गेला, चुन्याचा आणि विटांचा चुरा त्यात मिसळला, गोठे हळूहळू गेले, आणि घरातला केर नगरपालिकेच्या गाडीतून गावाबाहेर गेला. कॉटन मार्केट हाकेच्या अंतरावर असूनही, तेथे ज्या शेतांतून कापूस येई त्या शेतांकडे परत जाईल असे या वस्तीजवळ काही उरले नाही.

याच सुमारास, नागपूरच्या वायव्येस, होळकरांच्या इंदुरात एक प्रयोग चालू होता, आणि माझ्या मते या विषयाच्या आधुनिक इतिहासातील ते सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ पुसा येथील सरकारी नोकरीतून १९२४ साली इंदूरला आला. मध्य हिंदुस्थानातील संस्थाने आणि मध्यवर्ती कापूस समिती यांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या संस्थेचा तो संचालक होता. होळकर दरबाराने तिला तीनशे एकर काळी जमीन दिली होती. जमीन नागपूरसारखीच, पीक कपाशीचे, आणि अडचण तीच : जमीन उपाशी, शेण चुलीत, आणि पऱ्हाटीचे ढीग शेताच्या बांधावर. हॉवर्डचा रसायनशाखेतील प्रमुख साहाय्यक यशवंत वाड हा मराठी माणूस होता. या दोघांच्या नावाने १९३१ साली शेतातील टाकाऊ द्रव्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात सांगितलेली रीत इंदूर पद्धती म्हणून चहाच्या मळ्यांपासून आफ्रिकेतील कॉफीच्या बागांपर्यंत पोहोचली. हॉवर्डचे नाव जगाने लक्षात ठेवले; वाडांचे नाव महाराष्ट्रानेही ठेवले नाही, याची मला खंत वाटते. कुजण्याच्या क्रियेत कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण कसे राखावे, हा या पद्धतीचा गाभा आहे, आणि तो रसायनशाळेत बसून मोजावा लागतो.

कच्चा कडबा किंवा पाला तसाच मातीत पुरला तर पीक सुधारण्याऐवजी पिवळे का पडते, हा प्रश्न माळ्यांना अनेकदा पडे. त्याचे उत्तर इंदूरच्या कामातून स्पष्ट झाले. वाळलेल्या काडीत कर्ब पुष्कळ आणि नत्र अत्यल्प असतो. ती कुजविणारी बुरशी आणि जंतू आपल्या वाढीसाठी लागणारा नत्र आसपासच्या मातीतून उचलतात आणि तेवढा काळ झाडाला उपवास घडतो. म्हणून कुजण्याचे काम झाडाच्या मुळाशी होऊ न देता, आधी वेगळ्या जागी उरकून घ्यावे. इंदुरात यासाठी तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल असे खड्डे करीत. खोली अधिक झाली की खालच्या थरास हवा मिळत नाही. त्यात काडीकचरा, शेण, गोठ्याच्या जमिनीतील मूत्र मुरलेली माती आणि थोडी लाकडाची राख यांचे थर घालीत, पाणी शिंपडीत, ठरावीक अंतराने तीनदा उलथापालथ करीत, आणि सुमारे नव्वद दिवसांत काळे, भुसभुशीत, जंगलातील मातीच्या वासाचे खत तयार होई. पऱ्हाटीसारखी कठीण काडी फोडण्याचा उपायही विलक्षण साधा होता : ती वाटेवर पसरून ठेवीत, आणि जाणाऱ्या गाड्यांची चाके व बैलांचे खूर तिचा भुगा करीत. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग रचीत. आपल्या शेतकऱ्याच्या उकिरड्यात हे सर्व पदार्थ होतेच; उणीव होती ती हवेची, ओलाव्याची आणि वेळेच्या हिशेबाची.

नागपूरजवळ या विचाराला आणखी एक वाट फुटली. १९३४ साली गांधीजी वर्ध्यास आले, अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि १९३५ साली ‘हरिजन’ पत्रातून इंदूर पद्धतीचा प्रचार झाला. गावाचा मैला हे सोनखत आहे, ते वाया घालविणे पाप आहे, हा विचार त्या वर्षांत वर्धा-सेवाग्रामच्या परिसरात प्रत्यक्ष आचरला गेला. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी तो निष्ठेने पुढे नेला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पांढरीतून काळीकडे जाणाऱ्या या परतीच्या वाटेचा सर्वांत घाण भाग शतकानुशतके विशिष्ट जातींच्या डोक्यावर लादलेला होता. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी बाबासाहेब आंबेडकरांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या नागपुरात बसून जुन्या देवघेवीचे गोडवे गाताना हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पटवर्धनांनी स्वतःच्या हाताने भंगीकाम केले आणि मैला कोणालाही हाताळावा लागू नये अशा संडासांची रचना केली. खताचा प्रश्न आणि माणुसकीचा प्रश्न त्यांना एकच वाटला.

पुढची वर्षे वेगळ्या दिशेची होती. १९५१ साली सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला, पोत्यातून नत्र मिळू लागला, आणि खड्डा उलथण्याचे कष्ट निरर्थक वाटू लागले. रासायनिक खताने पीक येते हे निर्विवाद आहे. परंतु त्याने काळीची रचना सुधारत नाही, आणि बागेत तर रचनाच मुख्य असते. मातीचे सखोल वैज्ञानिक ज्ञान मात्र याच नागपुरात वाढले. १९७६ साली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो अस्तित्वात आला आणि त्याचे मुख्यालय अमरावती मार्गावर आहे. देशातील नमुनेदार मातींमध्ये नागपूर जिल्ह्यातील लिंगा या गावाच्या नावाने ओळखली जाणारी भारी काळी मातीही आहे. क्रॅडॉकच्या पटवाऱ्याने जिला नुसते काळी म्हटले, तिच्या प्रत्येक थरातील चिकणमातीचे, चुन्याचे आणि कर्बाचे प्रमाण आज मोजलेले आहे.

धंतोलीत आज ज्यांच्याजवळ वाफाभर जमीन उरली आहे, त्यांनी हातभर खोल खणून पाहिले तर हा सारा इतिहास उलट्या क्रमाने वर येतो : वर सिमेंटचा आणि फरशीचा चुरा, खाली जुन्या घराच्या विटा आणि मुरूम, त्याखाली एखादी चिकण काळी पट्टी. अशा मातीत कन्हानची रेती मिसळण्याचा मोह होतो, पण चिकणमातीत थोडी रेती घातली तर ती दगडासारखी घट्ट होते. रेतीने खरा फरक पडण्यासाठी मातीच्या बरोबरीने रेती लागेल. राख आणि चुना यांची येथे मुळीच गरज नाही. जमीन आधीच अल्कधर्मी आहे, बांधकामाच्या चुऱ्याने ती अधिक झाली आहे, आणि गुलाबाचे पान पिवळे पडते ते पुष्कळदा त्यामुळेच. हवे आहे ते कुजलेले खत, दरवर्षी, न चुकता. कारण नागपूरचा उन्हाळा मागच्या वर्षीचे खत खाऊन टाकतो. खताच्या चिकट द्रव्याने सूक्ष्म कण एकत्र येऊन त्यांचे रवे बनतात, रव्यांमधून हवा आणि पाणी वाट काढतात, गांडुळे परत येतात. मृगाच्या पावसावर रिकाम्या वाफ्यात बोरू पेरून, तो सहा-सात आठवड्यांनी फुलावर येताच कापून मातीत दाबणे ही जुनी रीत अजूनही तितकीच गुणकारी आहे. पावसाळ्यात झाडे सपाट वाफ्याऐवजी वरंब्यावर लावावीत, आणि वैशाखात वाफा पालापाचोळ्याच्या आच्छादनाने झाकावा. फाल्गुन-चैत्रात कडुनिंब, शिरीष आणि पिंपळ यांची पाने रस्त्याच्या कडेला झाडून पेटविली जातात, ती पाहून मला फार वाईट वाटते. त्या पानांना शेण किंवा ओला भाजीपाला मिळाला आणि थोडे पाणी मिळाले, तर दसऱ्याच्या आत त्यांचे उत्तम खत होते. कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात टाकून दिलेला पाला पाहिला, तर ही सामग्री किती जवळ आहे हे ध्यानात येते.

एक काम मात्र एकेका घराच्या आवाक्यातले नाही. धंतोलीतील जुने बंगले पाडून तेथे बहुमजली इमारती आणि रुग्णालये उभी राहत आहेत, आणि तळघरासाठी खोदकाम सुरू झाले की बागेची वरची एक फूट माती, जी दोन-तीन पिढ्यांच्या शेणखताने आणि पाल्याने घडली, ती खालच्या मुरमाबरोबर एकाच ट्रकात भरून शहराबाहेरच्या खड्ड्यात जाते. हरित इमारतींच्या मूल्यांकनात ही वरची माती आधी अलग काढून, ढीग झाकून ठेवून, काम संपल्यावर परत पसरावी अशी अपेक्षा असते. बांधकामाचा परवाना देताना महानगरपालिकेने ही अट घालावी, आणि ज्या मालकाला त्या मातीचा उपयोग नाही त्याने ती सार्वजनिक उद्यानांना किंवा शाळांच्या अंगणांना द्यावी. खणण्याच्या यंत्राला वरचा थर आधी वेगळा उचलण्यास एका दिवसाचे काम पडेल. तसाच थर काळीवर नव्याने घडविण्यास किती पिढ्या लागल्या, ते या वस्तीतच मोजता येते.